उंच काठाची प्लेट

शब्बीर पिंजारीच्या गोडाऊनमध्ये सापडली,
अलंगच्या भंगारात आलेली. सव्वाशे रुपये.
मधोमध निळा नांगर. पाठीवर बोटीचं नाव,
घासून घासून उरलेलं नुसतं ‘...निया’.

काठ उंच,
लाटेत रस्सा सांडू नये म्हणून.
भुसावळात कसली लाट?
मालगाडी गेली की फळी थरथरते,
तेवढंच.

त्रेपन्न नग झाले.
रेवा म्हणते, आन् जेवाचं कशात?
काल नळ आलाच नाही, ताटं खरकटी.
तिनं एक उतरवली, पदरानं पुसली,
नांगरावरच वाढलं भरीत,
कळण्याची भाकरी,
वरून कच्चं तेल.

मी ओरडणार, तेवढ्यात
कोळशाची गाडी धडधडत गेली.
तेल हळूच काठापर्यंत आलं,
थांबलं,
मागं फिरलं.