बाकापासून कड्यापर्यंत

व्हेंटनरला घरं फडताळातल्या डब्यांसारखी,
एकाच्या डोक्यावर दुसरं,
आणि सगळ्यांची झाकणं समुद्राकडे उघडलेली.

गुरुवारी माझी सुट्टी.
बुधवारी रात्री गोळ्या देताना प्रॅग्नेल आजोबा विचारतात,
"उद्या कुठे, अल्का?"
मी उल्का. तीन वर्षं झाली,
आता अल्कालाही ओ देते.

चाळीस वर्षं इथल्या पायवाटा त्यांच्याकडे होत्या.
फाटकांच्या बिजागऱ्यांना तेल, काटेरी जाळ्यांना कोयता,
खांबाखांबावर पिवळे बाण.
आता पलंगापासून खिडकीपर्यंत चार पावलं, तीही वॉकर धरून,
आणि खिडकीत शेजारच्या हॉटेलची धुराडी.
म्हणून मी जाते.
डोळे त्यांचे, धाप माझी.

बोनिफेसच्या टेकडीवर जायचं तर
रेल्वे स्टेशनापासून निघ, असं ते सांगतात.
ते स्टेशन मी पाहिलेलं नाही. रूळ माझ्या जन्माआधीच उखडले.
पुढे चढ असा की गुडघा हनुवटीला लागावा.
आमच्या गडहिंग्लजकडे एवढं चढलं की माथ्यावर देवी भेटते,
शेंदूर, घंटा, खोबऱ्याचा तुकडा.
इथे एक मनोरा, आणि शिंगं परजत उभा रानटी बोकड.
तरी सवयीने बूट काढते.
गवत गार लागतं. मग खाली बघते.

"काय दिसलं?"
पत्त्याएवढी छपरं.
धक्क्याला खेकडे पकडणाऱ्यांच्या दोन होड्या.
वाऱ्याने अंग चोरून उभी ताडाची झाडं,
ज्यांच्या भरवशावर पोस्टकार्डवाले
हे गाव उचलून भूमध्य समुद्रावर नेऊन ठेवतात.
बागेच्या भिंतीवर ऊन खाणारा सरडा.
"आणि फ्रान्स?"
"दिसलं."
"खोटं! ढग असतो तो."
मला पकडलं की त्यांचा चेहरा दहा वर्षांनी उतरतो.

खरा प्रश्न शेवटी, चहा गार झाल्यावर.
"बाकापासून कड्यापर्यंत किती?"

बॉनचर्चच्या पुढे खालची निळसर माती ओली झाली
की वरची जमीन सरकते, मुकाट्याने,
बसल्या जागी डुलकी लागावी तशी.
तिथे त्यांनी स्वतः रोवलेलं ओकचं बाक आहे.
वहीत आकडे आहेत.
पहिल्या वर्षी एकतीस पावलं. मग अठ्ठावीस.
एका हिवाळ्यात एकदम एकोणीस,
आणि त्याच ओळीत, त्याच शाईत, "डोरीन गेली".

मी पहिल्यांदा मोजली तेव्हा चौदा. नंतर अकरा.

या गुरुवारी बाकापुढे नारिंगी जाळी.
पलीकडे वाट मध्येच तुटून लोंबतेय,
आणि कलंडलेल्या खांबावरचा बाण
सरळ पाण्याकडे बोट दाखवतोय.
जाळीखालून वाकून गेले.
सहा.
परत बाकाशी आले. पुन्हा मोजली,
माप ओलांडणाऱ्या नवरीएवढी पावलं टाकत.
अकरा भरली.

संध्याकाळी परस्पर त्यांच्याकडे.
"अकरा," मी म्हटलं.
वही उघडली. पेनाचं टोपण निघालं नाही.
ते माझ्या बुटांकडे बघत होते,
शिवणीत बसलेल्या निळसर मातीकडे.
"अकरा तुझी, की माझी?"

काय बोलणार?
मी खाली वाकून नाडी बांधू लागले, बांधलेलीच होती.

त्यांनी टोपण काढलं. आकडा लिहिला नाही.
बराच वेळ लागला दोन ओळींना,
आणि मग वही माझ्याकडे फिरवली, वाच म्हणून.
बाक मागे घ्यायला हवं.
दोन माणसं लागतील. पहार, फावडं.

खाली जेवणाची घंटा झाली.
गाजराच्या सूपचा वास जिन्यावरून वर आला.
मी म्हटलं,
गुरुवार मोकळाच असतो माझा.