हजार मैल

वर्षाला हजार मैलच चालवीन
असं लिहून दिलं, तेव्हा कुठे
इड्रिस प्रॉसरचा हप्ता आवाक्यात आला.
मॉरिस मायनर, एकसष्टची,
रात्री कुलपात, चालक एकच.

मग मैल
केशराच्या काड्यांसारखे मोजून.
बाजार बसने. चॅपेलला पायी, पावसातसुद्धा.
टेन्बीला बहिणीकडे जाऊन-येऊन एकशे सत्तर:
नाताळला येईन, ईस्टरला नाही, कळवून टाकलं.

एप्रिल सरता सरता त्रेसष्ट उरले.
पुढल्या वर्षात जमा होत नाहीत,
विम्याच्या मुलीने दोनदा सांगितलं.

शेवटच्या संध्याकाळी त्याने
गाडी डोंगरावर घातली,
मुद्दाम लांबून,
मेंढ्या हलेपर्यंत इंजिन सुरूच.

दारात आला, आकडा पाहिला.
दोन जास्तच.
दिवे मालवून बसून राहिला आतच,
चोरलेल्या पेरूंसारखे
दोन मैल खिशात घेऊन.