आठातला सातवा

ग्युमरीत आमच्या दोन खोल्या,
भूकंपानंतर तात्पुरत्या म्हणून मिळालेल्या, पत्र्याच्या.
तात्पुरतं किती वर्षं टिकतं
हे ज्याचं घर एकदा पडलंय त्याला सांगायला नको.
एका खोलीत शेगडी, मी
आणि दुरुस्तीला आलेले अकॉर्डियन.
दुसरीत शुशानचा अभ्यास आणि थंडी.
डिसेंबरात थंडी जिंकली,
अभ्यास पुस्तकांसकट माझ्या टेबलावर आला.

त्या टोकाला ती मनगटातली हाडं घोकायची,
डाव्या हाताचं बोट उजव्या मनगटावरून फिरवत:
होडी, चंद्रकोर, तीनकोनी, वाटाणा,
मग दुसरी रांग,
थोरलं चौकटी, धाकटं चौकटी,
डोकेवालं, आकडेवालं.
झाली आठ.

या टोकाला मी भाता उघडायचो,
खालून वर आठ पट्ट्या दाबायचो.
सहापर्यंत ठीक.
सातवी फुस्स.
आत पोलादाची जीभ, नखाएवढी,
कुठेतरी केसभर जाड.
कानस लावायची, फुंकर मारायची,
पुन्हा पहिलीपासून.
तो अकॉर्डियन गागिकचा.
नवी जीभ घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते,
जुनीच समजूत काढून बोलती करायची होती.

शेजारची वार्दुश विरजण मागायला आली
आणि दारातच म्हणाली,
ह्रांत, पोरीचं वाटोळं करशील.
माझ्या थोरल्याने कानात बोळे घालून अभ्यास केला,
आज बँकेत आहे.
धाकटा रेडिओ लावून अभ्यास करायचा,
तोही त्याच बँकेत आहे,
पण विरजण मागायला आलेल्या बाईशी वाद घालू नये.

तीन रात्री मी हात आवरला.
मेण वितळवलं, स्क्रू निवडले, बिनआवाजी कामं शोधली.
चौथ्या रात्री तिने पुस्तक मिटलं.
बाबा, बरं नाही का?
बरा आहे की.
मग वाजवा ना.
तुम्ही थांबलात की मला पत्रा ऐकू येतो.

मीही ऐकला मग.
गारठ्याने आखडणारा पत्रा
कट्, आणि खूप वेळाने पुन्हा कट्.
भूकंपाच्या वेळी ती जन्मलीही नव्हती.
मी भाता उघडला.

येरेवानला तोंडी परीक्षा.
तारेत ओवलेला खरा हात, टेबलावर उताणा.
तिने सहा नावं धडाधड सांगितली,
आठवंही सांगितलं.
सातव्यावर बोट ठेवलं
तेव्हा तोंडातून नुसती हवा आली.
परीक्षकांनी विचारलं, हसताय का तुम्ही?

हे तिने मला उन्हाळ्यात सांगितलं,
जर्दाळू फोडता फोडता, सहज.
पास झाली होती, एका हाडापायी कोण अडतं.
मी मात्र जर्दाळू हातात धरून बसलो.
एवढा हिवाळाभर एकाच जिभेशी झटापट केली
आणि ती मुकी राहिली पोरीच्या तोंडात.
पण उरलेली सात?
ती कोणी पाठ करून घेतली?
संगीत मदत करतं की आड येतं
ते मला नका विचारू.
मी कानावर पोट भरणारा माणूस,
मला सोयीचंच ऐकू येणार.

आता ती वसतिगृहात असते.
दहानंतर तिथे चिडीचूप, असा नियमच आहे.
झोप येत नाही म्हणते, अभ्यास होतो म्हणते.
दोन्ही एका दमात सांगते.

गेल्या गुरुवारी गागिक आला.
मी त्याच्यासमोर पट्ट्या दाबून दाखवल्या.
सातवी लागली, स्वच्छ,
जरा घोगरी, पण स्वतःच्या आवाजात.
गागिक वाकून ऐकत होता.
सूर बरोबर आहेत, उस्ताद, म्हणाला,
पण प्रत्येक पट्टीला हे काय पुटपुटता?
होडी काय, वाटाणा काय?

मला तोवर पत्ताच नव्हता.

बाही वर घे, म्हटलं.
हात आण इकडे.