हातचा एक

चंद्र कापायचं काम माझ्याकडे आलं,
कारण करवत माझी,
आणि ओर्फेलिनावहिनीला नाही म्हणायची
आमच्याकडे कुणाची छाती नाही.

केम्चीच्या बालवाडीतली सतरा पोरं.
पोरामागे एक डझन अंडी, नाहीतर जे असेल ते.
जागा म्हणजे माझी होड्या दुरुस्तीची शेड,
भिंतीत डांबर मुरलेलं.

आकाश तिनं स्वतः केलं.
दोघांच्या पलंगाची चादर,
गेली चार वर्षं एकीलाच पुरून उरणारी,
तिला होडीचा उरलेला निळा रंग.
तो वाळला खारवलेल्या माशासारखा,
गुंडाळायला गेलं की तडकायचा.
मग दुसरी चादर. ह्या खेपेस स्पंजनं, टिपून टिपून,
मधेच थांबून, मान तिरकी करून.

ढग मेंढीच्या लोकरीचे.
तीनदा धुतले, तरी पाऊस लागला
की ढगांना मेंढीचा वास येतो,
आणि चिलोएत पाऊस लागलेलाच असतो.

दुधाचे खोके उलगडून आतली चांदी बाहेर काढली,
सोळा खोके चिकटवून एक पत्रा.
तो धरून शिक्षिकाबाई उभ्या, हात भरून आलेले.
दार दक्षिणेचं उघडं,
कारण ऊन इथे उत्तरेकडून येतं,
आणि पोरांच्या गालांना ऊन नको, नुसता उजेड हवा,
असं वहिनी म्हणते.

प्लायवूड माळ्यावर पडून होतं,
भावाच्या न झालेल्या होडीचं.
तो पुंता आरेनासला गेला, बोटीवर नोकरी आहे म्हणून.
आधी फोन यायचा. मग नाताळला यायचा. मग

असो. चंद्र मी बिस्किटांच्या डब्यावरून उतरवला,
धार पॉलिश करून मऊ केली,
चंदेरी रंगाचे दोन हात दिले,
मागे टेकू, पुढे पोराला बसायला खाच.

पहिली आली मिलाराय. पाच वर्षं, दोन दात गायब.
बसेना.
'हा चंद्र उलटा आहे,' म्हणाली.
'ह्याची शिंगं चुकीकडे. हा रोज लहान होणारा आहे.
मी नाही बसणार लहान होणाऱ्यावर.'
तिचे आजोबा शिंपले वेचतात,
भरती-ओहोटी तिला पाढ्यांआधी येते.
मी दाराबाहेर पाहिलं, जसं काही भरदिवसा
खरा चंद्र साक्षीला येणार होता.
पोरगी बरोबर होती. डबा दूरच्या उत्तरेचा,
तिकडे चंद्र आमच्या उलट वाढतो.

मागे सतरा पोरांची रांग, रेनकोट टपटपतायत.
मी टेकू काढला आणि चंद्र फिरवला.

उलटी बाजू कोरी. रंग नाही, पॉलिश नाही,
वखारीचा लाल शिक्का,
आणि शिसपेन्सिलीत भावाचं गणित:
सत्तेचाळीस अधिक अडतीस,
साताच्या कमरेला आडवी रेघ, त्याच्या सवयीनं.
खाली उत्तर, पंच्याहत्तर.

वहिनीनं कॅमेऱ्याला डोळा लावला.
बराच वेळ लावूनच ठेवला.
शिक्षिकाबाई म्हणाल्या, 'रंगवून घ्यायचं का पटकन?'
'नको,' ती म्हणाली. 'मिलाराय, हनुवटी वर.'

सतराही पोरं त्या गणितावर बसली.
एकानं शिक्क्यावर बोट फिरवलं,
एक रडला, एकाला ढगाची शिंक आली.
सगळ्यात धाकटा आन्सेल्मो, दीड वर्षांचा,
कुणाच्या तरी धाकट्या भावाचा वशिला,
तो घसरायचा सारखा.
मग मी चादरीमागे उकिडवा बसलो
आणि फटीतून हात घालून
त्याचा स्वेटर पाठीमागून मुठीत धरला.

फोटोत ते दिसतं, नीट पाहिलं तर.
निळ्या आकाशातून आलेली चार काळी बोटं,
नखांत डांबर.

रात्री शेड झाडताना मी चंद्रापाशी थांबलो.
सात आणि आठ पंधरा.
पाच खाली लिहिलेत त्यानं, ठळक,
हातचा एक विसरलाय.
दहा फळ्या कमी आणल्या असत्या गड्यानं
आणि मग मलाच शिव्या घातल्या असत्या.

पेन्सिल माझ्या कानावरच होती.
बाहेर वहिनी अंडी मोजत होती, मोठ्यानं,
मधेच चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून.