चतुःसीमा

साठेखत, बोजा, मुखत्यारपत्र, ताबा –
हे शब्द मला तेलुगूत हवे होते.
ऑफिस माझं अशोक चौकात, पाटी मराठी,
आई घरी कानडीत रागावते
आणि गिऱ्हाईक सगळं पूर्व भागातलं.

पुस्तकांच्या दुकानात विचारलं.
पंचांग आहे म्हणाला, लग्नपत्रिकेचा मजकूर आहे.
घर कसं घ्यायचं याचं पुस्तक?
ते मराठीत तरी कुठंय, रेवणसिद्ध?

मग दोनशे पानी वही घेतली.
रिटायर झालेले बोड्डू मास्तर, चादरीच्या कारखान्यातला जॉबर,
लग्नं जुळवणारी एक बाई, जिला अटींची भाषा पक्की येते –
ज्याच्याकडे जो शब्द निघाला तो देवनागरीत उतरवला.
सही म्हणजे संतकम.
हद्द म्हणजे हद्दु, हा फुकटात मिळाला.
बोजा म्हणजे बरुवु, मास्तर म्हणाले,
पण आवाजात खात्री नव्हती.

नरसम्मा गाजूल. बेचाळीस वर्षं विड्या वळल्या,
आता दीड खोली, विडी घरकुलाच्या पलीकडं.
तिला वही वाचून दाखवली.
बरुवुपाशी अडली. घरावर ओझं? कुणी ठेवलं?
मागच्या मालकाचं कर्ज, मी म्हणालो.
मग अप्पु म्हण की सरळ!
खोडलं. अप्पु लिहिलं.

निबंधक कचेरीत कारकुनानं चतुःसीमा
एका दमात वाचली, पावकी-निमकीसारखी.
मागून मी हळूच: तूर्पु... पडमर...
पडमरला तिचा हात वर गेला,
तंबाखूनं काळवंडलेली बोटं.
तिकडं रस्ता नाही.
तिकडं कोंड्यालची मागाची शेड, चारनंतरचं ऊन तीच खाते.
रस्ता तूर्पुला.

कारकुनानं माझ्याकडं बघितलं, मी विकणाऱ्याकडं,
विकणाऱ्यानं पंख्याकडं.
टायपिंगची चूक असेल.
असेलही.
दस्त त्या दिवशी झाला नाही,
माझी दलाली तीन आठवडे लांबली.

पायऱ्या उतरताना तिनं वही मागितली,
धाकट्या बहिणीला दाखवायला.

दिवाळीनंतर परत आली, कोपरे दुमडलेली,
जर्दाचा वास,
मागच्या पानांवर तीन निरनिराळी अक्षरं.
पाणीपट्टी, गळकं छत, शेजाऱ्याचा जिना,
मला न सुचलेले चाळीसेक शब्द.

एक माझ्या धंद्याविषयी आहे.
मास्तरांना अर्थ विचारला.
चष्मा पुसत बसले.