दिशा थोडं खोटं बोलते

"दिशा थोडं खोटं बोलते. अंतर सहसा नाही,"
नोल्बेर्तो नाउएल्किन पहिल्याच दिवशी म्हणाला
आणि येर्बाच्या कडू चहाची नळी चोखत राहिला.

किरण सुईसारखा नसतो, पोरी,
केरसुणीसारखा असतो.
कडेची काडी लागली तरी त्याला वाटतं, समोरच आहे.
म्हणून केनाकचं टोक पडद्यावर आडवं फुगतं,
दाढदुखीच्या गालासारखं.
अर्धा किरण आत धर, मग अंश वाच.
अंतराचं तसं नाही.
वर्तुळ सरकवत ने,
ठिपक्याच्या अलीकडच्या काठाला टेकव.
टेकव म्हटलं. घुसवू नकोस.

मी टेकवायला शिकले.
दोन हिवाळे आमची 'पोर्फियादा'
चिलोएच्या बेटांमधून बटाट्यांची पोती, गॅसचे सिलिंडर,
एक शाळामास्तर आणि त्याच्या अकॉर्डियनची पेटी नेत राहिली
आणि मी कर्कटकाने नकाशावर कंस ओढत राहिले.
(सामनच्या पिंजऱ्यांवरून एकदा ओढला.
"पिंजरे सरकतात," एवढंच म्हणाला. पेन्सिल काढून घेतली.)
तीन कंस एका बिंदूत कधीच भेटले नाहीत.
मधे उरायचा इवलासा त्रिकोण.
"त्यातच कुठेतरी आपण. खाडाखोड करू नकोस."

गावचं चर्च पडद्यावर कधी उमटलं नाही.
लाकडी खुंट्यांचं, लाकडी कौलांचं,
उघड्या दिवशी तीन मैलांवरून दिसणारं,
रडारच्या लेखी तिथे नुसता उतार.
लाकूड ऐकून घेतं, उत्तर देत नाही.
माझा भाऊ एलादियो गेला ती होडीही लाकडाचीच.

ऑगस्टातली पहाट. धुकं इतकं
की आपल्याच बोटीची नाळ दिसेना.
पडद्यावर मीठ सांडावं तशा लाटा.
बटण जरा फिरवलं, मीठ विरळ झालं.
फार फिरवलं तर मिठाबरोबर माशीही जाते,
म्हणून हात आवरला.
तर एक ठिपका उरला.
एका फेरीला दिसे, मग दोन फेऱ्या नाहीच.

रेघ ठेवली. एक्केचाळीस अंश. नऊ दशांश मैल.
तीन मिनिटांनी एक्केचाळीस. सात.
पुन्हा एक्केचाळीस. पाच.

रेघ हलेना, वर्तुळ आक्रसत चाललं.
वाट पाहिली, दिशा आता खोटं बोलेल.
बोलली नाही.

"उजवीकडे," मी म्हणाले.
नोल्बेर्तोने का विचारलं नाही, सुकाणू फिरवलं,
असं फिरवलं की पोती कलंडली
आणि पेटीतल्या पेटीत अकॉर्डियन कण्हलं.
एक लांब भोंगा.

धुक्यातून आधी खोकला आला,
मग जुन्या इंजिनाची टकटक,
मग डाव्या हाताला, आठ वावांवर,
कुस्तोदियो बार्रियाची होडी, रंग उडालेली,
आणि काठीला तारेने बांधलेला ॲल्युमिनियमचा टोप,
बुडाला काजळी.

"किनारा कुठे?"
"तीनशे वीस! मैलाला थोडं कमी!"
"टोप दिसला का?"
"दिसला!"
"बायकोला सांगू नका,"
आणि टकटक पांढऱ्यात शिरली.

नोंदवहीत मी वेळ लिहिली, अंश, अंतर.
पुढे लिहिलं, टोप.
नोल्बेर्तोने वाचलं आणि तसंच राहू दिलं.

आमच्या घरी टोप दोन होते.
दोन्ही अजून आहेत.

दुपारी केनाकच्या धक्क्याशी एर्मिंदा
तेलाच्या डब्यात बटाटे उकडत बसली होती,
वर टोपाचं झाकण, डब्याला न बसणारं,
वाफेने थडथडणारं.
"चोराला देव बघून घेईल," ती म्हणाली.
मी दोन हातांवर उभी होते.
झाकणाच्या अलीकडच्या काठाला
मनातल्या मनात वर्तुळ टेकवलं.