पाचवी खुर्ची

त्या रविवारी प्लंकेट कुटुंबानं
परदेशातून मूल दत्तक घेतलं.
निळ्या नाकांचं ते कार्टून कुटुंब, हाताला चार बोटं,
बाप ढेरपोट्या, दर आठवड्याला नोकरी घालवणारा.
आणि आम्ही डुलुथच्या आमच्या तळघरात,
बाहेर उणे बावीस, सोफ्यावर तिघांत एक घोंगडी:
मी, ब्रिटा, आणि चार महिन्यांपूर्वी
अदिस अबाबाहून आलेली मेसेरेत.

मुलाचं नाव ओबू. देश बनावट,
नकाशावर एक तपकिरी डाग, डागावर उंट.
ओबू टोस्टरला नमस्कार करतो.
ओबू फ्रिजमध्ये अंथरूण घालतो.
ब्रिटा हसता हसता सोफ्यावरून घरंगळली.
मेसेरेतही हसली, पण जरा उशिरा,
आधी ब्रिटाकडे, मग माझ्याकडे बघून,
अनोळखी रस्ता ओलांडताना बघतात तसं.
मग म्हणाली, "आमच्याकडे टोस्टर होता.
बिघडलेला. पण होता."

शेवटी सगळे गळ्यात पडले,
ढेरपोट्यानं गॅरेजमधून पाचवी खुर्ची आणली,
ओबू बसला, खुर्ची मोडली, पाट्या सुरू झाल्या.

आठवडाभर ती ओबूबद्दल विचारत राहिली.
त्याला शाळेत कोण सोडतं?
त्याला बर्फाचे बूट मिळाले का?
पुढच्या रविवारी सहाला पाच कमी असतानाच
ती टीव्हीसमोर.
प्लंकेट जेवायला बसले. तिनं बोटानं मोजलं.
चार ताटं. चार खुर्च्या.
कुणी हाक मारली नाही, कुणी विचारलं नाही,
भिंतीवरच्या फोटोतही नव्हता.

मी अकरा वर्षांचा. मला सगळं ठाऊक होतं.
म्हणालो, "कार्टूनमध्ये असंच असतं.
एक भाग संपला की सगळं पहिल्यासारखं."
आणि उरलेले पॉपकॉर्न खाल्ले.

सोमवारी उजाडायच्या आत
ती स्वयंपाकघरात तिच्या खुर्चीवर बसलेली,
अंगात कोट, पायांत बूट,
मांडीवर विमानतळावरची ती पिशवी.
आईला विचारलं, "किती वाजता निघायचं?"

आई बोलत सुटली.
कोर्ट, शिक्का, सह्या, न्यायाधीशबाई,
फाईल आणली, टेबलावर पसरली,
हे बघ तुझं नाव, मेसेरेत कार्लीन केटुनेन, हे बघ इथंही.
मेसेरेत मान डोलावत होती.
पिशवीचा बंद काही सोडत नव्हती.

बाबा गोदीत वेल्डर. दिवसाला चाळीस शब्द बोलले
तर आई कपाळाला हात लावून बघायची.
त्यांनी कॉफी ठेवली, गॅरेजमध्ये गेले,
ड्रिल घेऊन आले.
तिला खुर्चीसकट थोडं पुढं सरकवलं,
गुडघ्यावर बसले आणि
आईनं दर शनिवारी मेण लावलेल्या ओकच्या जमिनीत
चार भोकं पाडली.
लोखंडी पट्ट्या. चार स्क्रू, बोटभर लांब.
आई "डेल!" एवढंच म्हणाली.

बाबा उठले. लाकडाचा भुसा झटकला.
"आता हलव बघू."
तिनं हलवून पाहिलं. मग उतरून ढकलून पाहिलं.
मग भिंतीला पाय लावून, दात आवळून.
मग एक बूट काढला.
दुसरा त्या दिवशी रात्रीपर्यंत तसाच होता.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.
प्लंकेट अजून चालू आहेत म्हणे,
पोरांची वयं तीच, नाकं तशीच निळी.
जमिनीवर दोनदा नवी फरशी आली,
दोन्ही वेळा खुर्चीभोवतीनं कापून.
मेसेरेत आता माझ्याहून उंच,
सणाला येते तेव्हा गुडघे टेबलावर आपटतात,
तिरकी बसून, मान वळवून जेवते.

पॉपकॉर्न खाताना मी काय बोललो होतो
ते घरात कुणाला माहीत नाही.
ती सोडून.

गेल्या नाताळात ब्रिटा पेचकस घेऊन आली,
म्हणाली, आता पुरे, काढूया हे.
मेसेरेतनं वर पाहिलंही नाही.
"आधी सूप वाढ," म्हणाली.